काठावरच्या अणूबद्दल आत्यास

तीर्थरूप आत्याच्या पायाशी, तुझ्या धांदरट भाचीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले. पेन टेबलाखाली गेलं होतं, म्हटलं वाकलोच आहोत तर तेही उरकून घ्यावं.)

तुझी तब्येत कशी आहे? आतोबांचा गुडघा काय म्हणतो? मागच्या वेळी तू लिहिलं होतंस की गुडघा कधीच बरा झाला, फक्त त्याच्याबद्दल बोलायची सवय अजून गेलेली नाही. तीही जाईल, धीर धर. मी इथे खुशाल आहे. खुशाल म्हणजे जेवते, झोपते (दोन्ही भलत्याच वेळी) आणि कपडे अजून तेच होतात. आई तुला वेगळं काही सांगेल. ती मला फोनच्या पडद्यावर बघते आणि त्या पडद्यावर मी मुळातच खंगलेली दिसते. तू तिचं मनावर घेऊ नकोस. पडद्यावर दिसतं ते सगळं खरं नसतं, हे मी या चार वर्षांत चांगलीच ठेच लागून शिकले आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

दुकानात येईल त्याला तू सांगतेस म्हणे, की आमची भाची दुर्बिणीतून धूळ बघते. आत्या, याहून नेमकं वर्णन आमच्या अख्ख्या विभागात कुणाला जमलेलं नाही. दुर्बीण नव्हे, सूक्ष्मदर्शक, एवढाच काय तो फरक. तळघरात आहे, छताला टेकेल इतका उंच, आणि त्यात उजेडाच्या जागी इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. आणि धूळ म्हणशील तर ती एका धातूच्या ऑक्साइडची फिकट पिवळी पूड. (गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच की; आमचा धातू वेगळा, आणि त्याला गंज म्हटलेलं आमच्या बाईंना आवडत नाही.) ही पूड गाड्यांच्या धुरातलं विष काढायच्या कामी येते. ते काम कणाच्या पोटात होत नाही, पृष्ठभागावर होतं, अगदी काठावरच्या अणूंच्या हातून. म्हणून ते काठावरचे अणू काय करतात, कुठे जातात, परत येतात की नाही, हे बघत बसायचं ही माझी नोकरी. थोडक्यात, चाळीच्या कठड्याशी उभं राहून समोरच्यांच्या घरात बघायचं, पण पदवीसाठी.

खोलीत शिरलं की आधी दिवा मालवायचा, मग बसायचं, आणि अर्धा तास काहीही करायचं नाही. आपण आत आलो की आपल्या अंगाची ऊब खोलीत पसरते आणि पडद्यावरचं चित्र हळूहळू एका बाजूला वाहायला लागतं. ते थांबेपर्यंत गप्प बसून राहणं हा कामाचाच भाग आहे. (लहानपणी मी खिडकीत नुसती बसून असायचे तेव्हा तू म्हणायचीस, हिला बसायची नोकरी मिळाली तर ही घराण्याचं नाव काढेल. बघ, मिळाली.) मग त्या करड्या पडद्यावर हळूच ठिपक्यांच्या ओळी उमटतात. एक ठिपका म्हणजे एक अणू. (खरं तर एकामागे एक उभ्या असलेल्या अणूंची रांग, पण आपण अणूच म्हणू, नाहीतर हे पत्र संपायचं नाही.) आतले अणू चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी धरलेले, त्यामुळे गुणी, जागच्या जागी. काठावरच्यांना एका बाजूने धरायला कुणीच नसतं. ते थोडे सैरभैर असतात. आत्या, त्यांच्याकडे बघता बघता मी कुठे आहे ते विसरते. मला वाटतं, मीच त्या काठावरून चालते आहे, पायाखाली ओळीने गुळगुळीत गोल दगड, पुढे एक पायरी, पायरीच्या टोकाला एकटाच एक जण उभा, आणि पलीकडे काही म्हणजे काही नाही. वारा नाही, आवाज नाही. तो जरासा हलतो. थांबतो. जाऊ की नको असं काहीतरी त्याचं चाललेलं असतं, आणि मला कसलीही घाई नसते. मग बाई खांद्यावर हात ठेवतात आणि कळतं की दुपारचे चार वाजून गेलेत, आणि वर ठेवलेला चहा केव्हाचा गार झाला आहे.

(बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. यांच्या हाताखाली मी पदवी करते. फार बोलत नाहीत. एकदा बोलल्या की आठवडा पुरतो.)

आता यातली मेख ऐक. झोत जोरात सोडला तर अणू लख्ख दिसतात, पण आपल्याच झोताचे धक्के बसून ते हलतात. म्हणजे आपण बघतो म्हणून ते हलतात, आणि हललेले बघून आपण लिहून ठेवतो की वा, काय हलतात. झोत मंद ठेवला तर ते आपल्या मर्जीने वागतात, पण मग आपल्याला धड दिसत नाहीत. पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तशा मुंग्यांनी सगळा पडदा भरून जातो आणि त्या मुंग्यांत कुठेतरी अणू असतो. दृष्टीआड सृष्टी असं आपण सहज म्हणून जातो. मी त्या दोन्हींच्या मधल्या फटीत चार वर्षं बसले आहे.

त्यात मागच्या वर्षी मी एक शोध लावला. तुला कळवला नव्हता, कारण तो तीन आठवडेच टिकला. मला दिसलं की कधी कधी कणाचा सगळा काठ एकदम थरथरतो, संथ लयीत, थांबून थांबून. चित्र छान आलं की हमखास. मी त्याला भारदस्त नाव दिलं, आलेख काढले आणि तीस माणसांपुढे उभी राहून सांगितलं. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, की ही थरथर मधेच का थांबते. मी म्हटलं, कण बहुधा विसावा घेत असावा. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.) दुसऱ्या दिवशी बाई स्वतः माझ्याबरोबर तळघरात आल्या. माझ्या मागे स्टूल घेऊन बसल्या. दहा मिनिटांनी चित्र आलं, काठ थरथरायला लागला, मी बोटाने दाखवलं, आणि बाईंनी मागून अलगद माझ्या तोंडावर हात ठेवला. काठ थांबला. हात काढला. थोड्या वेळाने पुन्हा थरथरला. आत्या, मी गुणगुणत होते. मन लागलं की मी गुणगुणते, हे तू मला पाचशे वेळा सांगितलं आहेस आणि पाचशे वेळा मी नाही म्हटलं आहे. बंद खोलीत तेवढ्या आवाजानेही यंत्र हलतं. कण थरथरला की मला आनंद व्हायचा, आनंद झाला की मी गुणगुणायचे, आणि मी गुणगुणले की कण थरथरायचा. असा तीन आठवडे आमचा दोघांचा संसार सुखाने चालला होता. बाई रागावल्या नाहीत. जिना चढताना एवढंच म्हणाल्या, की आवाज बरा आहे तुझा. तेव्हापासून मी दातांत रुमाल धरून बसते.

मग मी कॉम्प्युटरच्या नादी लागले. चित्रातल्या मुंग्या झाडून आतले अणू नीट दाखवणारा प्रोग्रॅम असतो. त्याला आधी हजारो स्वच्छ चित्रं दाखवायची, म्हणजे तो शिकतो. दोन महिने मी त्याला शिकवलं, आणि काय सांगू, धुऊन वाळत घातल्यासारखी चित्रं यायला लागली. मी हरखले. एका दुपारी चुकून कणाबाहेरचा मोकळा भाग त्याला दिला, जिथे काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्याने तिथेही अणू काढून दिले. ओळीत, सारख्या अंतरावर, हवेत त्याहून थोडे जास्तच. वरिष्ठांना काय आवडतं ते ओळखून तेच हजर करणारी माणसं प्रत्येक कचेरीत असतात, तशातला तो निघाला. मी त्याला बंद केलं आणि बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसले. खोटं सांगत नाही, तो काळा पडदाही काही वाईट दिसत नव्हता.

आणि आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे अकरा सेकंदांची एक फिल्म आहे. झोत इतका मंद, की त्यात अणू हलला तर तो आपण होऊनच हलला असं म्हणता येईल. मुंग्या कमी व्हाव्यात म्हणून मी आठ आठ चित्रं एकावर एक ठेवून त्यांचं एकेक चित्र केलं आहे. त्यात तिसऱ्या ओळीतला अगदी डाव्या टोकाचा अणू सहाव्या सेकंदाला जागा सोडून जातो, तीन सेकंद जागा रिकामी राहते, आणि नवव्या सेकंदाला तो परत येऊन बसतो. चार वर्षांत एवढंच एक मला सापडलं आहे, आत्या. मला ते दर वेळी दिसतं. बाईंना एकदा दिसतं, एकदा दिसत नाही. गेल्या सोमवारी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, तुला दिसावंसं वाटतं म्हणून तर दिसत नाही ना? मी नाही म्हटलं, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. वाईट याचं वाटलं की ते खरंही असू शकतं. गुणगुणणाऱ्या मुलीने कुठल्या तोंडाने खात्री द्यायची?

बाईंचं म्हणणं असं, की मला काय हवंय हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाने ती चित्रं बघायची. त्याला तीच जागा मोकळी दिसली तर माझं खरं. नाही दिसली तर महिनाअखेरीस माझा विषय बदलायचा आणि उरलेली दोन वर्षं गंज रोखणाऱ्या रंगावर काम करायचं. (चांगला विषय आहे. त्यात अणूंनी हलूच नये असा उद्देश असतो.) आमच्या विभागात तर ज्याला त्याला माझी ही फिल्म तोंडपाठ. म्हणून खाली पहारेकरी काकांना गाठलं. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, ताई, तुम्हाला कुठे दिसतंय ते सांगा, तिथे मलाही दिसतं. देवमाणूस आहेत, पण विज्ञानाच्या उपयोगाचे नाहीत.

मग तू डोळ्यांसमोर आलीस. म्हणजे जिन्याखालचं तुझं दुकान, गळ्यातली टेप, आणि खिडकीच्या उजेडाला कापड धरून, मान थोडी तिरकी करून बघणारी तू. तो उंची कोटवाला आठवतो? नुसतं बटण लावून घ्यायला आला होता. तू कोटावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, इथे आधी कुणीतरी रफू केलंय आणि घाईत केलंय. तो म्हणाला, कोट कोरा आहे, परवाच घेतलाय. तू बटण लावून दिलंस आणि म्हटलंस, मग दुकानदाराला विचारा. तो चिडून गेला आणि संध्याकाळी दुकानदारालाच घेऊन परत आला. मी पहिलीत काढलेलं घराचं चित्र सगळ्यांनी वा वा म्हणून बघितलं. तू विचारलंस, दार कुठाय? तेव्हा मला तुझा राग आला होता. आता वाटतं, जगात एका तरी माणसाने आपल्याला दार कुठाय ते विचारावं.

असो. लोभ आहेच, तो आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर आई त्याचाही अर्थ माझी तब्येत खालावली असा काढेल. आतोबांना नमस्कार आणि गुडघ्याला आशीर्वाद.

तुझी,
बसायच्या नोकरीतली भाची

ता. क. १ : पत्राचं खरं कारण लिहायचंच राहिलं. सोबतच्या जाड पाकिटात चाळीस कागद आहेत. प्रत्येकावर ठिपक्यांच्या ओळी. काही कागद माझ्या फिल्ममधले, काही दुसऱ्याच एका कणाचे, ज्याच्या ओळी शाबूत आहेत. बाईंनी ते पत्त्यांसारखे पिसून त्यांवर आकडे घातले आहेत. कुठला कागद कशातला त्याची चिठ्ठी त्यांच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. तू फक्त कापड बघतेस तसं बघ, आणि काही चुकलेलं वाटेल तिथे पेन्सिलीने फुली मार. अट एकच. मी कुठे काय शोधते आहे, हे तुला अजिबात ठाऊक असता कामा नये.

ता. क. २ : वरची अट लिहून पाकिटाला डिंक लावायला घेतला आणि लक्षात आलं, की तिसरी ओळ, डावं टोक, रिकामी जागा, सगळं मी याच पत्रात पानंच्या पानं भरून तुला सांगून बसले आहे. बाईंना हे कळलं तर त्या काही बोलणार नाहीत, आणि तेच जास्त वाईट. तेव्हा हे पत्र आत्ता पाठवत नाही. नुसते कागद पाठवते, बरोबर दोन ओळींची चिठ्ठी : चुकलेलं दिसेल तिथे फुली मार, मी बरी आहे. (हे वाचून तू घाबरून फोन करशील. मी उचलणार नाही. उचलला तर पहिल्या मिनिटात सगळं सांगून टाकीन, तुला माझं तोंड ठाऊक आहे.) हे पत्र माझ्या टेबलाच्या खणात राहील. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा तुझं बघून झालेलं आहे आणि काय ते तुला माहीत आहे. मी इथे, हे लिहिताना, अजून अधांतरी आहे. खण लावताना मला तुझा थोडा हेवा वाटला.

ता. क. ३ (सोळा दिवसांनंतर) : तुझं पाकीट आलं. बाईंनी कुलूप काढलं, चिठ्ठी काढली, आणि आम्ही दोघी एकेक कागद लावत बसलो. चिठ्ठीप्रमाणे ज्यात काहीतरी असायला हवं असे तेरा कागद होते. तू तेरांवरच फुल्या मारल्यास, त्याच तेरांवर, तिसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाला. सत्तावीस कागद कोरे सोडलेस. (सव्विसावा उलटा छापला होता, असं तू कोपऱ्यात लिहिलंस; तोवर ते आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.) मी उडीच मारणार होते, पण बाईंनी शेवटचा कागद पालटला आणि मागचं तुझं अक्षर मोठ्याने वाचलं. "ही भोकं नव्हेत. इथला धागा गेलेला नाही, सैल पडलाय. थोडा इथे दिसतो, थोडा शेजारच्या घरात. ओढून बघ. कागद चांगला आहे, फुकट घालवू नका." आत्या, तीन सेकंद जागा रिकामी असते असं मी छातीठोकपणे सांगत होते, आणि तू म्हणतेस ती रिकामी नाहीच. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ओढून बघ म्हणतायत ना त्या, मग बघ. मी आठ आठ चित्रांचे गठ्ठे सोडवून एकेक चित्र सुटं केलं. एकट्या चित्रात मुंग्यांशिवाय काही दिसत नाही, पण इथली जागा आणि शेजारची जागा एकमेकींशी लावून बघितल्या तर एक उजळ असते तेव्हा दुसरी अंधारी, आणि मग उलट, असं शेकडो वेळा. तो कुठे निघून गेलेलाच नाही. तो सारखा जातो आणि येतो, इतका भराभर की माझ्या गठ्ठ्यात दोन्हीकडे अर्धा अर्धा उमटला होता, आणि त्या अर्ध्याला मी रिकामं समजत होते. माझं म्हणणं चुकलं, आणि त्यातून निघालं ते माझ्या म्हणण्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. रंगाचा विषय बाईंनी दुसऱ्या कुणाला दिला. त्या दिवशी दुपारभर आम्ही दोघी त्याचं जाणं-येणं बघत बसलो होतो, आणि मधेच कुणीतरी गुणगुणलं. मी नव्हते.

ता. क. ४ : हे पत्र आता पाठवते, कारण एक काम अडलं आहे. आम्ही हे सगळं लिहून छापायला धाडतो आहोत, आणि बाई म्हणतात, जिला दिसलं तिचं नाव पहिल्या पानावर आमच्या नावांबरोबर जाणार. मी चौकटीत "आत्या" असं लिहिलं तर कॉम्प्युटर घेईना, पूर्ण नाव मागायला लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आई तुला वन्सं म्हणते, बाबा ताई म्हणतात, आतोबा अगं म्हणतात, गिऱ्हाइकं रफूवाल्या बाई म्हणतात, आणि बत्तीस वर्षं तू चालवलेल्या दुकानाच्या पाटीवर नाव आतोबांचं आहे. बाबांना फोन केला. त्यांना नाव आठवलं, आडनावावर अडले. म्हणाले, तिला विचारायला हवं, कधी विचारलंच नाही. तर ते तुला विचारते आहे. माहेरचं लावायचं, सासरचं, दोन्ही, की एकही नको? शुक्रवारच्या आत कळव, आणि आतोबांना विचारून सांगते असं लिहू नकोस. तू ठरव.